‘अबाधित हक्क’ म्हणजे काय?

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत रेशनकार्डे, जुन्या कर्जाच्या पावत्या आणि आजोबांनी घेतलेल्या पावणेदोन एकरांचे खरेदीखत असा ऐवज असतो. मागच्या दिवाळीत पेटी झाडताना ते खरेदीखत मी प्रथमच सबंध वाचले. शेवटच्या पानावर सगळ्या खतांत असतो तसाच मजकूर होता. मिळकत निर्वेध व बिनबोजाची आहे, तिचा उपभोग आपण व आपल्या वारसांनी वंशपरंपरेने घ्यावा, कोणी हिल्लाहरकत केल्यास तिचे निवारण लिहून देणार करून देईल आणि आपला हक्क अबाधित राहील.

वडील शेजारी सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, “झालं तर मग. आता ब्रह्मदेव आला तरी ही जमीन हालायची नाही.”

“असं कुणी सांगितलं?” मी विचारले.

“तूच वाचलंस की आत्ता. अबाधित!”

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. हा शब्द पाठ्यपुस्तकात शेकडो वेळा वाचलेला, परीक्षेत लिहिलेला. पण वडिलांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. तेव्हापासून वर्षभर जमेल तशी या शब्दाची चौकशी केली. ग्रंथालयात बसलो, सरांना छळले, श्रीरामपूरच्या एका वकिलांचा रविवार खर्ची घातला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो. मी कायद्याचा पदवीधर नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘बाध’ म्हणजे अडथळा. संस्कृतच्या तासाला शिकलेला एक नियम येथे उपयोगी पडतो. ‘त’काराने संपणारे धातुसाधित घडून गेलेली क्रिया सांगते आणि ‘य’काराने संपणारे धातुसाधित करता येण्याजोगी क्रिया सांगते. दृष्ट म्हणजे पाहिलेले, दृश्य म्हणजे पाहता येण्याजोगे. त्या न्यायाने अबाधित म्हणजे ज्याला बाध आलेला नाही ते, आणि अबाध्य म्हणजे ज्याला बाध आणताच येत नाही ते. खतात पहिला शब्द लिहिलेला आहे; वडिलांनी दुसरा वाचला. आपण सगळेच तसे वाचतो. पुढे जो काही घोटाळा आहे तो बहुतेक या ‘त’ आणि ‘य’ यांच्यामधला आहे.

वर्तमानपत्रातील निविदा-सूचनेच्या तळाशी ‘कोणतेही कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार अबाधित’ असे छापलेले असते. तेथे या शब्दाचा अर्थ एवढाच की, आम्ही हा अधिकार सोडून दिलेला नाही. म्हणजे एकच शब्द एके ठिकाणी ‘राखून ठेवलेला’ या अर्थाने येतो, तर दुसऱ्या ठिकाणी ‘कोणालाही मोडता न येणारा’ या अर्थाने.

इंग्रजी कायद्यात या दुसऱ्या अर्थासाठी स्वतंत्र शब्द आहे, ‘इन्डिफीजिबल’. जुन्या फ्रेंच भाषेत ‘केलेले मोडणे’ या अर्थाचे एक क्रियापद होते, त्यापासून तो आला. पराभव या अर्थाचा ‘डिफीट’ हा शब्दही त्याच कुळातला. आपल्याकडे पूर्वी मुदत-खरेदी होत असे. अमुक सालापर्यंत पैसे फेडले तर खरेदी रद्द, नाहीतर कायम. मुदत संपेपर्यंत घेणाऱ्याचा हक्क असतो खरा, पण तो मोडण्याजोगा असतो. अशी कोणतीही अट, कोणतीही मुदत, कोणताही तिऱ्हाईत ज्याला मोडू शकत नाही तो इन्डिफीजिबल हक्क. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांताने १७७६ साली हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात वाईट सरकार बदलण्याचा बहुसंख्य जनतेचा हक्क सांगताना निःसंशय, न देऊन टाकता येणारा आणि न मोडता येणारा अशी तीन विशेषणे जोडली आहेत. लिहिणारांना यांतले एक पुरेसे वाटले नसावे.

दुसरे आणि तिसरे विशेषण यांत फरक आहे व तो आपल्या इतिहासातून चांगला कळतो. वतनी जमीन घ्या. १८७४ च्या वतन कायद्याप्रमाणे वतनदाराला ती वतनाबाहेरच्या माणसाला सरकारच्या मंजुरीशिवाय देता येत नसे. म्हणजे हक्क न देता येणारा होता. पण म्हणून तो न मोडता येणारा होता काय? १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामसेवकांची वतने सरकारने एका फटक्यात रद्द केली. महार वतनाच्या बाबतीत तर हा ‘हक्क’ म्हणजे जोखडच होते. जमिनीच्या तुकड्यापायी सगळ्या गावाची पडेल ती कामे करणे भाग होते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. हक्क सुटत नाही याचा अर्थ माणूस सुटत नाही असाही होऊ शकतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकात कोठे लिहिलेले नाही.

अबाध्य या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा देशी शब्द मला सापडला तो ‘मिरास’. अरबी भाषेतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वारसा. पेशवाईत दख्खनच्या गावांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदार हे जमिनीचे पिढीजात धनी, तर उपरी हे बाहेरून आलेले व मर्जीने कसणारे. दुष्काळात मिरासदार परागंदा झाला, तरी कित्येक वर्षांनी परत येऊन थकबाकी भरून तो आपली जमीन मागू शकत असे व गाव त्याचे म्हणणे मानत असे. इंग्रज अंमलदारांना याचे नवल वाटले, त्यांनी आपल्या अहवालांत त्यावर पुष्कळ लिहिले. पण पुढे रयतवारी पाहणी झाली, सगळे कब्जेदार सरकारी वहीत एका रांगेत आले आणि मिरास हा शब्द आडनावापुरता उरला. चंद्रसूर्य आहेत तोवर चालावयाचे ते वही बदलल्यावर बंद पडले.

वही म्हटली की सातबारा आला. वडिलांचा दुसरा मुद्दा हाच होता, “सातबाऱ्यावर नाव आहे ना?” वकीलसाहेब यावर हसले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द सातबाऱ्यावर छापलेले नसतात एवढेच. फेरफाराची नोंद ही महसूल कोणाकडून घ्यावयाचा यासाठी असते, तिने मालकी उत्पन्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. नोंदणी कार्यालयातही खत नोंदले जाते, मालकी नाही. विकणारा खरोखर मालक होता का, हे आपले आपण पाहावयाचे. शिवाय दुसऱ्याने उघडपणे, मालक म्हणून, आपल्या विरुद्ध बारा वर्षे कब्जा ठेवला तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने आपला दावाच नव्हे, हक्कही संपतो.

याच्या उलट रीत जगात आहे. रॉबर्ट टॉरेन्स नावाच्या गृहस्थाने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली अशी पद्धत चालू केली की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि त्या नोंदीची हमी सरकारची. तेथल्या कायद्यात ‘इन्डिफीजिबल’ हा शब्द खऱ्या अर्थाने जमिनीला लागतो, आणि तेथेही लबाडीने केलेल्या नोंदीचा अपवाद आहेच. आपल्या पेटीतल्या खताला तो शब्द लागत नाही.

आता आपल्या शिवारातील गोष्ट. खंडकरी हा शब्द आपल्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण बाहेरगावाहून आलेल्या प्राध्यापकांसाठी सांगतो की, येथे त्याचा अर्थ कोशातल्यापेक्षा उलटा आहे. एरवी खंडकरी म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. आपल्याकडे खंडकरी म्हणजे ज्याने आपली जमीन खंडाने दिली तो मूळ मालक. भंडारदऱ्याचे धरण आणि प्रवरेचे कालवे झाले, माळरानाला पाणी दिसू लागले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात बेलापूर कंपनीने हरेगावला ऊस व साखर यांचा मोठा पसारा मांडला. त्यासाठी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेण्यात आल्या. कंपनीला आपल्या गावाचे नाव मिळाले. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकावरही आजपर्यंत ‘बेलापूर’ अशीच पाटी आहे, त्यामुळे मुंबईचे पाहुणे नेहमी गोंधळतात.

खंडाची जमीन देणाऱ्याची मालकी कायम होती. कूळ कायद्याने १९५७ साली कुळे मालक झाली, पण कारखान्यांना उसासाठी दिलेल्या जमिनींना त्या कायद्याची मुख्य कलमे लागू नव्हती. म्हणजे तेथेही मालकी वाचली. मग १९६१ चा कमाल जमीनधारणेचा, म्हणजे सीलिंगचा कायदा आला. त्यात ‘धारण करणे’ या शब्दांची व्याख्या अशी की, मालक म्हणून किंवा कूळ म्हणून कायदेशीरपणे प्रत्यक्ष ताब्यात असणे. कंपनीच्या ताब्यात जमीन होती. तेव्हा खंडाची जमीनही कंपनीच्या हिशेबात धरली गेली आणि मर्यादेवरील क्षेत्र सरकारकडे गेले. बेलापूर, टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी, वालचंदनगर, माळीनगर, श्रीपूर अशा खाजगी कारखान्यांच्या जमिनींसाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले.

कायद्याचा हेतू मोठ्या धारणा मोडण्याचा होता आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे. पण मोठी धारणा मोडताना तिच्या पोटात शेकडो लहान मालकांच्या दोन-दोन, पाच-पाच एकरांच्या मालक्या होत्या. त्यांनी जमीन विकलेली नव्हती, गमावलेली नव्हती, फक्त खंडाने दिली होती. त्यांच्या कागदांवर काय लिहिले असेल ते आपण ओळखू शकतो. ते परत मागावयास गेले तेव्हा तो कागद पुरा पडला नाही. मोर्चे, निवेदने, कोर्टकचेऱ्या चालल्या. कॉ. माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. राज्य शासनाने जमिनी परत देण्याचा निर्णय अमलात आणला तो २०१२ साली. तोवर ज्यांनी खंडपत्रावर अंगठा उठवला होता त्यांची नातवंडे म्हातारी झाली होती. शिवाय परत मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे परवानगीवाचून विकता न येणारी. ती वर्ग एक करण्याचा निर्णय आणखी दशकभराने, २०२३ मध्ये झाला.

मग या शेतकऱ्यांचा हक्क अबाध्य होता की नव्हता? वकीलसाहेबांचे उत्तर होते, “शेजाऱ्याविरुद्ध होता, कंपनीविरुद्ध होता. विधिमंडळाविरुद्ध नव्हता.” हे उत्तर मला या साऱ्या चौकशीत सर्वांत उपयोगी वाटले. अबाध्य हा शब्द एकटा कधीच पुरा नसतो, ‘कोणाला अबाध्य?’ हे विचारावेच लागते.

विधिमंडळालाही मोडता न येणारे असे काही असते का? घटनेने १९५० मध्ये मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. मग जमीन सुधारणेचे कायदे वाचवण्यासाठी नववे परिशिष्ट आले. आपला सीलिंग कायदा १९६४ साली त्यात गेला. त्याच कायद्यावरून उद्भवलेल्या वामनराव खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, २४ एप्रिल १९७३ नंतर या परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. मधल्या काळात चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला. २० जून १९७९ पासून तो कलम ३०० अ खाली साधा घटनात्मक हक्क आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही, पण कायद्याने घेता येते. वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पेटीला कुलूप घातले. त्याने काय होणार होते कोण जाणे.

तेव्हा जमीन बाजूला ठेवू. माणसाचा स्वतःवरचा हक्क तरी? लोकमान्य टिळकांनी स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटले. त्याच १९१६ साली अहमदनगर येथे ३१ मे आणि १ जूनला त्यांची भाषणे झाली, आणि बेळगावच्या भाषणाबरोबर त्यांवरून त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. बॅरिस्टर जिना यांनी बाजू मांडली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला. जन्मसिद्ध म्हणजे कोणी दिलेला नाही म्हणून कोणी काढून घेऊ शकत नाही, असा तो युक्तिवाद. घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला आपण हेच लावतो. तरी आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने म्हटले की, स्थानबद्ध माणसाला या हक्कासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरोधी मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० व २१ स्थगित करता येणार नाहीत असे ठरले, आणि १९७६ चा तो निकाल न्यायालयाने स्वतः २०१७ साली रद्दबातल ठरवला. एकेचाळीस वर्षांनी.

हा हक्क माणसाला स्वतःलाही सोडून देता येत नाही. १९८५ साली मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात महापालिकेचे एक म्हणणे असे होते की, झोपड्या हलवण्यास अडथळा करणार नाही असे या लोकांनी पूर्वी कबूल केले आहे. न्यायालयाने सांगितले की मूलभूत हक्क कबुलीने सुटत नसतात. मात्र, कायद्याची रीत पाळून, नोटीस देऊन झोपड्या हलवता येतील असेही सांगितले.

आता ‘इन्डिफीजिबल राइट’ हे शब्द आपल्या न्यायालयांत आज सर्वांत जास्त कोठे येतात, तर जामिनाच्या अर्जात. हे मला पुस्तकातून कळले नाही. आमच्या आळीत एक हमाल राहतात. गेल्या वर्षी चोरीच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, लिहिता-वाचता येत नाही म्हणून कोर्टात त्यांच्याबरोबर मी जात असे. तारखा पडत गेल्या. वकील लावण्याइतके पैसे नव्हते. एका परिचितांनी सरकारकडून फुकट वकील मिळतो असे सांगितले, तो मिळेपर्यंत आणखी दिवस गेले. वकीलबाईंनी कागद पाहिले, बोटांवर काही मोजले आणि विचारले, “दोषारोपपत्र कधी आलं?”

“परवा.” मी म्हणालो.

“आणि कोठडी कधीपासून?”

मी तारीख सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चौसष्टाव्या दिवशी आलंय. तुम्ही चार दिवस आधी यायला हवं होतं.”

नियम असा आहे. तपास साठ दिवसांत, आणि देहान्त, जन्मठेप किंवा दहा वर्षे अगर अधिक शिक्षेच्या मोठ्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत पुरा करून पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले पाहिजे. न केल्यास आरोपीला जामीन मागण्याचा हक्क उत्पन्न होतो, मग गुन्हा कसाही असो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे. या हक्काला न्यायालये ‘इन्डिफीजिबल’ म्हणतात. पण १९९४ साली संजय दत्त खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी आरोपीने हा हक्क बजावला नाही, तर तो उरत नाही. म्हणजे न मोडता येणारा हक्क, पण मागितला नाही तर विरून जाणारा. २००१ साली महाराष्ट्रातीलच उदय आचार्य खटल्यात एवढी सोय झाली की, आरोपीने अर्ज केला व तो जामीन देण्यास तयार असला म्हणजे हक्क बजावला असे धरावयाचे. त्यानंतर घाईने दोषारोपपत्र आणून तो हिरावता येत नाही. २०१७ साली राकेश कुमार पॉल खटल्यात अर्ज तोंडी केला तरी चालतो असे ठरले, आणि आरोपीला या हक्काची जाणीव करून द्यावी, असेही न्यायालयाने म्हटले.

साठावा दिवस उलटला त्या दिवशी मी ग्रंथालयात होतो. वहीत ‘अबाधित’ आणि ‘अबाध्य’ यांचे धातू लिहून काढत होतो. साठ दिवस मोजावयाचे मला सुचले नाही, कारण ते मोजावयाचे असतात हेच ठाऊक नव्हते. हमालांना नंतर नेहमीच्या रीतीने जामीन मिळाला, पण त्याला आणखी सव्वा महिना लागला. तेवढ्यात वहिनींनी एक शेळी विकली.

म्हणून दोन गोष्टी लिहून ठेवतो. कोठडीतील माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही ती अट नाही. आपल्या तालुक्यासाठी श्रीरामपूरच्या न्यायालयात जावयाचे व विधी सेवा समितीची चौकशी करावयाची. अर्ज साध्या कागदावर चालतो. आणि दंडाधिकाऱ्यांनी ज्या दिवशी प्रथम कोठडी दिली ती तारीख त्याच दिवशी घरच्या दिनदर्शिकेवर लिहावी. साठावा आणि नव्वदावा दिवसही तेव्हाच मोजून खुणा करून ठेवावा. आमच्या घरच्या दिनदर्शिकेवर आता वहिनींच्या भाच्यासाठी अशी एक खूण केलेली आहे.